पाना हातात घेण्याआधी

दौलत मिस्त्री, गुडीहत्नूर. पाकिटावर एवढंच लिहिलं तरी पत्र तुमच्या शेडपर्यंत पोचायचं. मला शाळेत आणि कॉलेजात शिकवणारे बरेच होते, चांगले होते, त्यांना मी मानतो. पण तुला शिकवलं कोणी असं विचारलं, तर तोंडात पहिलं नाव तुमचंच येतं. तुम्ही माझे कोणी लागत नव्हता. आमच्या जैनथकडच्या गावात तुमची सोयरीक नव्हती. तरी ओळख झाल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी मी तुम्हाला मामा म्हणालो, आणि तुम्ही चालता चालता मागे वळून ‘काय रे’ म्हणालात. त्या दिवसापासून तुम्ही मामा.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या शेडसमोरच्या बाकावर जमलेली माणसं तुमच्या करामती सांगत होती. एक म्हणाला, मिस्त्रीने डिझेल दोन बोटांत चोळलं आणि पाणी मिसळलंय म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हात ठेवून बसला आणि दुसऱ्या सिलिंडरचा नोझल काढ म्हणाला. सगळं खरं असणार. सगळे तुमच्या हातांबद्दल बोलत होते आणि माझ्याजवळची गोष्ट तुमच्या कानांची आहे. शिवाय तिच्यात माझी एक चूक आहे, जी पुष्कळ वर्षं तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती.

त्या वर्षी मी बी.एस्सी. झालो होतो. आमच्या वस्तीत पहिलाच. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे आदिलाबादला तेलुगू बोलणाऱ्या मुलांमध्ये इंग्रजी पुस्तकं. पास झालो त्या दिवशी मायने वस्तीभर गूळ वाटला. माझे वडील गावच्या पटेलांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ट्रॅक्टर रशियन बनावटीचा, पटेलांच्या वडिलांच्या काळातला, वयाने माझ्यापेक्षा मोठा. बाबांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या ट्रॅक्टरचा आवाज सकाळी निराळा, दुपारी निराळा आणि ओल्या जमिनीत निराळा असतो, हे ते सांगायचे. मालकी पटेलांची होती. आमच्या घरात मात्र त्याला ‘आपला ट्रॅक्टर’च म्हणायचे.

पोळा झाल्यावर पंधरा दिवस तो उभाच होता, रानात गेला आणि बिघडला. रब्बीच्या ज्वारीसाठी रान तयार करायची घाई होती. ट्रॅक्टर वीस-पंचवीस मिनिटं छान चालायचा. मग आवाज पातळ व्हायचा, दोन-तीनदा उचकी लागल्यासारखा व्हायचा आणि बंद. बाबा उतरायचे, टाकीचं झाकण काढून काडी बुडवून डिझेल बघायचे. डिझेल असायचं. मग झाकण लावून हातपंप मारायचे, पाइपातली हवा काढायचे, की पुन्हा सुरू. पुन्हा तासाच्या आत बंद.

पटेलांच्या कपाटात त्या ट्रॅक्टरचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं आणि ते वाचता येणारा गावात मी एकटा. मी पुढे झालो. फिल्टर बदलला, गाळ बसायची काचेची वाटी धुतली, पाइपाचे नट एकेक करून आवळले. दर वेळी ट्रॅक्टर सुरू व्हायचा, माझी मान ताठ व्हायची आणि वीस मिनिटांनी खाली यायची. शेवटी मी पुस्तकाच्या आधाराने जाहीर केलं, की इंजेक्शन पंप गेला. पटेलांनी शहरातून एक मेकॅनिक आणला होता, पांढऱ्या शर्टातला. तोही तेच म्हणाला. माझा ऊर भरून आला. पण तो पुढेही बोलला. असा पंप उगाच जात नाही, म्हणाला, कोणी डिझेल काढून त्याजागी रॉकेल ओतत असलं तर जातो.

पटेलांनी आठवडाभर टाकी अर्धीच पाहिली होती. त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. खळ्यावर, मजुरांदेखत, त्यांनी बाबांना विचारलं, अर्धं डिझेल रोज कुठे जातं. बाबा जमिनीकडे बघत उभे राहिले. पटेलांसमोर ते नेहमी तसेच उभे राहायचे, पण त्या दिवशी त्याचा अर्थ वेगळा झाला. दसऱ्यापासून दुसरा ड्रायव्हर येईल असं पटेल म्हणाले. त्याआधी एक शब्द म्हणाले, तो मी लिहीत नाही. तुम्हाला टाकलेल्या पत्रात लिहिला होता, ते शेवटी जोडतो, तिथे येईल.

नोकरी गेली असती तर मी बी.एड.चा विचार सोडून मजुरीला लागलो असतो, ते एक झालं. पण बाबांना नोकरीचं तेवढं नव्हतं. ते घरी येताना कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लागले, अंगाला डिझेलचा वास येऊ नये म्हणून. वीस वर्षं तो वास आमच्या घरात होता. मायला वाटायचं तो त्यांचाच वास आहे. तिसऱ्या दिवशी हात धुता धुता ते मला म्हणाले, “गुडीहत्नूरचा दौलत मिस्त्री आन. तो म्हनन ते खरं.”

म्हणून मी तुमच्याकडे आलो. तुम्ही चहा पीत होता. मी माझ्या शिकलेल्या भाषेत सांगितलं, की इंजेक्शन पंप निकामी झाला आहे. तुम्ही विचारलंत, हे ट्रॅक्टरनं सांगितलं का पुस्तकानं. मी म्हणालो, दोघांनीही. तुम्ही बशीत उरलेला चहा संपवलात आणि म्हणालात, “दोघायनं सांगतलं तं मले काऊन नेऊन राह्यला, बाप्पा?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तुम्ही उतरलात. कापडी पिशवीत तीन पाने, एक चिंधी आणि एक रिकामी काचेची बाटली. एवढ्या मोठ्या आजाराला एवढंच सामान बघून पटेलांचं तोंड उतरलं. ट्रॅक्टर वस्तीलगतच्या बांधापाशी उभा होता. तुम्ही पिशवी त्याच्या चाकाशी ठेवली, उघडली नाही, आणि बांधावर बसलात. पटेल सांगायला लागले. तुम्ही त्यांना थांबवलंत. तो सूर मला अजून आठवतो. त्यात उद्धटपणा नव्हता आणि लाचारीही नव्हती.

“पटेल, तुमी मालक आहा. पन याच्या पाठीवर हा रोज बसते. पयले याले बोलू द्या.”

आणि बाबांना शेजारी बसायला सांगितलंत. बांधावर, तुमच्या बरोबरीने. पटेल उभे आणि बाबा बसलेले, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मामा, पुढे मी मोठमोठी माणसं बघितली, हैदराबादला ट्रेनिंगला गेलो तेव्हा विद्वानांची भाषणं ऐकली. त्या बांधाजवळ मी जसा थक्क झालो तसा पुन्हा झालो नाही.

तुमची रीत मला नंतर कळली. पाना हातात घेण्याआधी चालवणाऱ्याकडून सगळं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि त्याला जे सांगण्यासारखं वाटत नाही ते आवर्जून विचारायचं. बंद पडल्यावर सगळ्यात आधी काय करता, असं तुम्ही विचारलंत. बाबा म्हणाले, झाकण काढून काडी टाकतो. मग चालू होतो का? होतो. झाकण न काढता कधी चालू केला का? बाबांनी आठवून पाहिलं. नाही केला. अजून काय? अजून काही नाही. तुम्ही वाट बघितलीत. मग बाबा खालच्या आवाजात बोलले.

“टाकी फुल भरली का धा मिंटात बंद पडते. अर्धी ठेवली तं अर्धा घंटा चालते. म्हनून मी अर्धीच ठेवून राह्यलो.”

तुम्ही त्यांना ते पुन्हा सांगायला लावलंत, मोठ्याने. पटेलांना ऐकू जावं म्हणून लावलंत हे मला घरी गेल्यावर समजलं. अर्ध्या टाकीमुळेच तर बाबांवर आळ आला होता. ते इतके दिवस हे बोलले का नाहीत? कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पटेलांनी नाही, शहरातल्या मेकॅनिकने नाही, आणि एकाच ताटात जेवणाऱ्या मीही नाही. मी पुस्तकाला विचारत होतो.

मग तुम्ही पिशवी उघडली. मला वाटलं आता पंप खोलणार. तुम्ही पंपाकडे बघितलंसुद्धा नाही. तेल जिथून निघतं तिथून चालायचं, हे तुमचं दुसरं सूत्र. टाकी भरायला लावलीत, झाकण घट्ट बसवलंत आणि टाकीखालचा पाइप सोडून त्याच्या तोंडाशी बाटली धरलीत. डिझेल बोटाएवढ्या धारेने आलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. बाटली निम्मी व्हायच्या आत धार सुतासारखी झाली. मग थेंब. मग थेंबही थांबला. वर भरलेली टाकी, खाली मोकळा पाइप, मध्ये कुठे कचरा नाही, आणि डिझेल यायला तयार नाही. एक मजूर हळूच म्हणाला, बाहेरचं काही असेल, लिंबू उतरवा.

तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत, टाकीपाशी जाऊन झाकण एक आटा सैल केलंत. ‘सुस्’ असा आवाज झाला, झोपलेल्या माणसाने श्वास घ्यावा तेवढाच, आणि माझ्या हातातली बाटली भरून वाहायला लागली. माझ्या चपलेवर डिझेल सांडत होतं आणि मला पाय मागे घ्यायचं सुचत नव्हतं.

बघायला आलेल्यांत माय होती. तुम्ही तिला विचारलंत, गोडेतेलाच्या डब्याला भोकं किती पाडता. ती म्हणाली, दोन. एकाने तेल येतं आणि दुसऱ्याने हवा जाते, एवढं तिला माहीत होतं. झाकणाला हवेचं भोक असतं आणि ते बुजलंय, तुम्ही म्हणालात. तेल निघून जातं तसा आत वारा पाहिजे. तो मिळाला नाही, की टाकी तेल ओढून धरते. भरल्या टाकीत वर जागा थोडी असते, म्हणून ती लवकर अडते. अर्ध्या टाकीत वारा जास्त, म्हणून ती जास्त वेळ चालते. आणि बाबा दर वेळी काडी टाकायला झाकण उघडत होते, म्हणजे दर वेळी औषधही देत होते आणि आजारही लपवत होते.

मग माझ्याकडे वळून विचारलंत, कॉलेजात असं काही शिकवतात का. मी हवेच्या दाबाचा धडा सांगितला. पाऱ्याची नळी सांगितली. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “मंग तुले तं माईत व्हतं.”

टोमणा नव्हता तो. तुम्हाला खरंच नवल वाटलं होतं. म्हणून ते वाक्य मनात रुतलं ते आजवर निघालेलं नाही.

भोक साफ करायला तुम्ही मायला घरून गोधडीची सुई आणायला लावलीत. ते भोक वरून दिसत नाही, झाकणाच्या वळलेल्या काठाखाली आत असतं. तुम्ही सुई फिरवलीत, बाहेर काढलीत आणि बाकीच्यांना पाठमोरे होऊन फक्त मला दिसेल अशी धरलीत. टोकावर पिवळ्या रंगाचा कण होता.

आमच्या बौद्ध वस्तीत सण फारसे उरले नव्हते. पोळा मात्र उरला होता, कारण तो बैलांचा आहे. आमच्याकडे बैल नव्हते. बाबा पोळ्याला ट्रॅक्टर धुवायचे आणि हार घालायचे. त्या वर्षी मी पदवीधर झालो होतो, म्हणून म्हटलं, लोक बैलांची शिंगं रंगवतात तसा आपण ट्रॅक्टर रंगवू. टाकीला लाल, दोन हात. झाकणाला पिवळा. एकही कोपरा सुटू नये म्हणून झाकण उलटं करून, काठाखाली ब्रश घालून रंगवलं. पोळ्याच्या मिरवणुकीत बाबा त्या ट्रॅक्टरवर बसले होते तेव्हा त्यांच्याइतकं ताठ कोणी बसलं नव्हतं.

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. सगळं कळलं तुम्हाला. सुई पायजम्याला पुसलीत. पटेलांनी विचारलं, कशाने बुजलं. “जुनं झाकन हाय, पटेल. धूळ बसते. कोनी पाहत नाई.” मग जरा थांबून म्हणालात, डिझेल जागच्या जागी आहे, थेंब इकडचा तिकडे झाला नाही. पटेल बरं म्हणाले. बाबांना म्हणाले, ट्रॅक्टर रानात ने. तेवढंच. ट्रॅक्टर त्या दिवशी अंधार पडेपर्यंत एकदाही थांबला नाही.

मी तुम्हाला बसपर्यंत पोचवायला आलो आणि आपला वाद सुरू झाला. तो मिटला नाही. मी विचारलं, तुम्ही खरं का नाही सांगितलं. तुम्ही म्हणालात, भोक बुजलं होतं हे खोटं आहे का. मी म्हणालो, धूळ खोटी आहे. तुम्ही म्हणालात, एका घरावरचा आळ आत्ताच उतरलाय, पटेलांना लगेच दुसरं बोट दाखवलं असतं तर ते त्याच घराकडे वळलं असतं. मी म्हणालो, निदान बाबांना तरी सांगायला हवं होतं.

“ते तुहं काम हाय. माहं मशीनचं व्हतं, ते झालं.”

मी तेव्हाच मामा म्हणालो तुम्हाला. का म्हणालो माहीत नाही. भांडता भांडताच तोंडातून आलं.

मामा, मी बाबांना सांगितलं नाही. आधी वाटलं आज नको, पटेलांचा राग ताजा आहे. मग बी.एड.ला गेलो. मग डी.एस.सी.त, म्हणजे शिक्षकभरतीत, नाव लागलं आणि इंद्रवेल्लीकडे शाळा मिळाली. बाबा भेटेल त्याला सांगायचे, माझा पोरगा सायन्स शिकवतो. त्या वाक्यापुढे माझी जीभ उचलायची नाही. इकडे वर्गात मी डब्याला एक भोक पाडून दाखवत होतो, मग दुसरं. पोरं टाळ्या वाजवायची. गोंडी बोलणारी पोरंसुद्धा न समजावता समजायची. हे मला कोणी शिकवलं हे मी त्यांना सांगायचो. सुईच्या टोकावरचा कण सांगत नव्हतो.

गावाकडे जाता-येता मी गुडीहत्नूरला उतरायचो. तुम्ही इंजिनाखालून विचारायचा, “सांगतलं का?” मी नाही म्हणायचो. तुम्ही म्हणायचा, मास्तर झाला तरी धडा पुराच नाही केला याने. आणि चहा मागवायचा.

एकदा मी तुम्हाला काट्याची गोष्ट सांगितली. तुम्ही गेल्यापासून बाबा रोज सकाळी बाभळीच्या काट्याने झाकणाचं भोक साफ करायचे. पुढे वयामुळे काम सुटलं, दुसरा ड्रायव्हर आला, तरी त्यालाही काटा नेऊन द्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, वीस वर्षं झाकण उघडत होतो, एकदा ते उलटून बघितलं नाही, माझ्याच हातून राहिलं. तुमचं ‘कोनी पाहत नाई’ त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. पटेलांनी घातलेला आळ तुम्ही उतरवलात, पण ते स्वतःच नवा घेऊन बसले, आणि तो माझा होता.

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मला वाटलं तुम्ही नेहमीसारखं काही उलटं बोलाल. तुम्ही हात चिंधीला पुसत राहिलात, पुसून झाल्यावरही.

“मंग चूक माही हाय. मी पटेलाच्या तोंडाकडे पाहून बोललो. तुह्या बापाच्या तोंडाकडे पाहाले पाह्यजे व्हतं.”

एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि आपण कुठे चुकलो हे त्याने तितक्याच सरळपणे शोधून दाखवलं, जसा तो पाइप सोडून दाखवायचा. मी कोणत्या गुरुजींना असं बोलताना ऐकलं नाही. मीही वर्गात अजून बोललेलो नाही. प्रयत्न करतो.

तरी मला आणखी दोन वर्षं लागली. याबद्दल तुम्ही मला कधी रागावला नाही आणि हे मला जास्त लागतं. आपला मूळ वाद तर तसाच आहे. मला अजून वाटतं, तुम्ही त्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं. आणि अजून वाटतं, सांगितलं असतं तर मी आज मास्तर नसतो. आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. तुमची बाजू मला तुमच्यासारखी मांडता येत नाही.

शेवटी गेल्या महिन्यात मी बाबांना सांगितलं आणि तुम्हाला पत्र टाकलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. समोरच्या हॉटेलवाल्याची सून तुमची पत्रं वाचायची. तिने मला सांगितलं, पत्र बुधवारी आलं. तुम्ही ते दोनदा वाचून घेतलंत आणि पटेलांचा भाग तिसऱ्यांदा. शनिवारी सकाळी तुम्ही गेलात. रविवारी आम्ही बसमधून उतरलो तेव्हा शेडसमोर माणसं जमलेली होती. बाबा बाकाच्या टोकाला बसले. परत येताना बसमध्ये म्हणाले, “आता कोनाले सांगू?” ते असं का म्हणाले ते पत्रात आहे. पत्र मी पाठवलं होतं तसंच खाली उतरवतो.

ती. दौलतमामांना नमस्कार.

सांगितलं. जेवताना नाही, जेवण झाल्यावर, हात धुतल्यावर सांगितलं. पोळ्यापासून सुरुवात केली. बाबांनी मध्ये एकच विचारलं, झाकन आतूनबी रंगवलं व्हतं? मी हो म्हणालो. काऊन? म्हटलं, एकही जागा सुटू नये म्हणून. मग ते उठून बाजेवर जाऊन पडले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मायने विचारलं तर तिलाही काही सांगितलं नाही. मी शाळेत आणखी रजेची दरख्वास्त पाठवली आणि घरीच थांबलो. बरं झालं थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि मला चाल म्हणाले. पटेलांकडे नेलं. पटेल आता फार थकले आहेत, ऐकायला कमी येतं. बाबा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, त्या साली टाकीचं झाकन बुजलं व्हतं ते माह्या पोरानं रंगवलं म्हनून. माही चूक नव्हती.

पटेल म्हणाले, कोनतं झाकन?

मामा, त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. झाकण नाही, शहरातला मेकॅनिक नाही, तुम्हीही नाही. मला वाटलं बाबा आता खचतील. पण बाबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. टाकी भरली की दहा मिनिटं, अर्धी असली की अर्धा तास, काडी, बाटली, सुई, सगळं. पटेल कानाला हात लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी सुनेला खुर्ची आणायला सांगितली. बाबा बसले. मग पटेलांनी विचारलं, मंग मी तुले काई बोललो व्हतो का? बाबा म्हणाले, बोलले व्हते. चोर म्हनले व्हते.

पटेलांनी कानावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, मले याद नाई रे. पन म्हनलो असन तं चुकलो.

परत येताना बाबा रस्ताभर बोलत होते. विहारापाशी दोघांना थांबवून सांगितलं. घरी मायला सांगितलं, तिने उलट विचारलं तर पुन्हा सांगितलं. मला एवढंच म्हणाले, रंग मातर ब्येस बसला व्हता.

तर मामा, येत्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या बसने येतो. बाबांना हे तुम्हाला स्वतः सांगायचं आहे. मी पत्र लिहिलं हे त्यांना माहीत नाही. म्हणून एक विनंती आहे. त्यांना पहिल्यापासून सांगू द्या, पटेलांचा भाग येईपर्यंत मध्ये बोलू नका, आणि आला की तुम्ही तो पहिल्यांदाच ऐकताय असं दाखवा.

तुमचा
मिलिंद